चेंगदूतली 'सेटल करून देणारी' सर्व्हिस : पॅकेज दहा दिवसांचं, कामाचे दिवस दोनच

५ पैकी ३ स्टार. त्यातले दोन माझ्याबरोबर फिरलेल्या पोरीचे, आणि उरलेला एक रात्री एअरपोर्टवर वेळेत आलेल्या ड्रायव्हरचा. कंपनीच्या वाट्याला काही उरलं नाही, तेच सविस्तर सांगते.

आधी मी कोण ते. चीनमधल्या चेंगदू शहराच्या दक्षिणेकडे एका खाजगी शाळेत ए लेव्हलच्या (आपल्या अकरावी-बारावीसारखा ब्रिटिश कोर्स) पोरांना मॅथ्स शिकवते, ऑगस्टच्या शेवटी आले. (खूप जण विचारतात म्हणून सांगते, इंग्रजी शिकवायच्या नोकरीला इथे साधारणपणे इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांचे पासपोर्ट मागतात, विषय शिकवणाऱ्यांना तसं नाही, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांनी मॅथ्स, फिजिक्स, कम्प्युटर असंच बघावं.) शाळा म्हणाली की सेटल होण्यासाठी एक कंपनी आहे, ३,२०० युआन, अर्धे आम्ही देऊ अर्धे तुम्ही द्या. एअरपोर्ट पिकअप, पोलीस रजिस्ट्रेशन, घर, सिम, बँक, मेडिकल, रेसिडेन्स परमिटचा अर्ज, 'सिटी ओरिएंटेशन' आणि दहा दिवस इंग्रजी बोलणारी हेल्पर (वर म्हटलेली पोरगी ती हीच). अर्धेच द्यायचेत म्हटल्यावर मी पुढचं काही विचारलंच नाही, चूक तिथेच झाली.

पिकअप मस्त. थ्येनफू एअरपोर्ट २०२१ मध्ये सुरू झालेला नवा एअरपोर्ट, गावापासून पन्नासेक किलोमीटर लांब. मेट्रोची लाइन १८ तिथून थेट येते पण माझं बँकॉकवरून येणारं विमान रात्री अकराला उतरलं, हातात तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा आणि पाठीवर प्रेशर कुकर असलेली सॅक. ड्रायव्हर पाटी घेऊन उभा, एक शब्द बोलला नाही, बॅगा उचलल्या, गरम पाण्याची बाटली हातात दिली आणि निघाला. गरम पाणी, ऑगस्टमध्ये! इथे सगळीकडे गरमच पाणी देतात, आपल्या आजीला पटलं असतं.

पहिल्या दोन रात्री हॉटेल होतं, तिथे काउंटरवर पासपोर्ट स्कॅन केला की पोलिसांकडची नोंद हॉटेलच करतं. खरं काम घरात गेल्यावर. नियम असा आहे की हॉटेल सोडून दुसरीकडे कुठेही राहायला गेलात की २४ तासांच्या आत त्या भागातल्या पोलीस चौकीत जाऊन नोंद करायची, नाही केली तर २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. चौकीला म्हणतात फाय-छू-स्वो. आपल्याला पोलीस स्टेशन म्हटलं की पोटात गोळा येतो ना, मी तर पंजाबी ड्रेस इस्त्री करून घालून गेले, जसं काही साक्ष द्यायचीय. आत बघते तर एक तरुण पोलीस थर्मासमधून चहा पितोय, भिंतीवर पांडाचं कॅलेंडर. सगळं ठीक, फक्त घरमालकाने घराच्या मालकीच्या कागदाची कॉपीच दिली नव्हती. इथे त्या पोरीने जे केलं त्याला तोड नाही. मालकाला फोन लावला, तो बहुतेक माचियांग हा इथला सोंगट्यांचा खेळ खेळत होता कारण मागे सोंगट्यांचा खडखडाट येत होता, तो म्हणाला उद्या देतो, ती म्हणाली उद्या नाही आत्ता, फोटो पाठवा, आणि फोन ठेवलाच नाही, तिथेच चाळीस मिनिटं 'हो, हो, मी आहे' करत बसून राहिली. शेवटी फोटो आला. पोलिसाने प्रिंट काढली, लाल शिक्का मारला, ए फोर साइजचा एक कागद हातात दिला. फुकट. हा कागद पुढे शाळेत, बँकेत, परमिटच्या ऑफिसात सगळीकडे लागतो, त्यामुळे घडी न घालता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, मी चार घड्या घालून पर्समध्ये कोंबला आणि नंतर परमिटच्या खिडकीतल्या बाईने तो काचेवर हाताने दाबदाबून सरळ केला, माझ्याकडे न बघता.

तर हा दिवस वसूल. पैसे द्यावेत असा हा पहिला दिवस.

घराचं मात्र बोलायला नको. तीन फ्लॅट दाखवले, तिन्ही एकाच एजंटचे, आणि एजंट आणि कंपनी एकमेकांना बघून असे हसत होते की काय ते मला कळलं. २,६०० युआन भाडं, वन बीएचके, अकरावा मजला, मेट्रो सात मिनिटांवर, वाईट नाही. पण इथे भाड्याची पद्धत असते 'या यी फू सान', म्हणजे एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. म्हणजे पहिल्याच दिवशी १०,४०० युआन, वर एजंटला अर्ध्या महिन्याचं. हे मला सही करायच्या टेबलावर कळलं! कंपनीच्या मेलमध्ये एक ओळ नव्हती. जवळ एवढे पैसे नव्हते, मालकाला कॅश नको, शेवटी शाळेच्या एचआरमधल्या बाईंनी शाळेकडून भरले आणि पगारातून तीन हप्त्यांत कापले. नवीन येणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवा, साडेचार महिन्यांच्या भाड्याची सोय करूनच विमानात बसा नाहीतर शाळेकडून आधीच लेखी ॲडव्हान्स घ्या. बाकी घरात गादी म्हणजे फळीवर सतरंजी टाकल्यासारखी, पण पाठदुखी गेली, तक्रार नाही.

आता मुख्य तक्रार. नाव.

माझं पासपोर्टवरचं नाव म्हणजे आडनावाच्या रकान्यात आडनाव, आणि नावाच्या रकान्यात माझं नाव आणि वडिलांचं नाव, सगळं मिळून इंग्रजीत २७ अक्षरं. इथल्या माणसाचं नाव दोन किंवा तीन चित्रलिपीतली अक्षरं, संपलं. फॉर्ममधला चौकोनही तेवढ्याच नावासाठी बनलेला. तर सिमकार्डच्या दुकानात (इथे सिम पासपोर्टवरच मिळतं, नाव रजिस्टर होतं) काउंटरवरच्या मुलाने आधी माझं नाव मग आडनाव टाकलं, वडील गाळले. शाळेने वर्क परमिटच्या अर्जात आडनाव आधी, मग सगळं, मधे स्पेस देऊन. कंपनीने स्वतःच्या फॉर्मवर सगळं सलग चिकटवून, आगगाडीसारखं. मी तेव्हा हसले, म्हटलं काय फरक पडतो, माणूस तर एकच आहे.

फरक असा पडतो. बँकेत खातं काढायला गेलं की ते फोन नंबर मागतात, आणि तो नंबर कोणाच्या नावावर आहे हे तिथल्या तिथे तपासतात, अक्षर न् अक्षर, स्पेससकट. जुळलं नाही की लाल खूण. खातं नाही म्हणजे पगार कुठे टाकणार. मग सिमचं नाव दुरुस्त करायचं तर सिमवाल्यांच्या मोठ्या शाखेत ओरिजिनल पासपोर्ट घेऊन जायचं, आणि पासपोर्ट कुठे होता? रेसिडेन्स परमिटसाठी आदल्याच दिवशी जमा केलेला. कारण कंपनीच्या वेळापत्रकात परमिटचा अर्ज आधी आणि बँक नंतर होती. पासपोर्ट मिळायला मला दोन आठवडे लागले, तेवढ्यात दहा दिवसांचं पॅकेज संपलं. हातात काय तर अर्ज घेतल्याची एक पावती.

मी त्या कंपनीला फोन केला तर म्हणे हे बँकेचं काम आहे, आमचं नाही. अहो पण क्रम कोणी लावला? रोज परदेशी लोक आणता तुम्ही, तुम्हाला माहीत नसेल तर मला रसायनीच्या माणसाला माहीत असणारे का! (मी रसायनीची.) पोरगी बिचारी मधे उभी, तिला दिलेलं वेळापत्रक ती पाळत होती. त्या रात्री तिने तिच्या वैयक्तिक नंबरवरून मेसेज केला की पासपोर्ट आला की मला सांगा, मी शनिवारी येते. आणि आली, पॅकेज संपून आठवडा झालेला तरी आली. सिमच्या मोठ्या शाखेत नंबर घेऊन बसलो, दुरुस्ती सहा मिनिटांत, मग तिथूनच बँक, एका तासात कार्ड हातात. हा दुसरा वसूल दिवस, आणि तो कंपनीने नाही, तिने दिला. जेवायला घालते म्हटलं तर फक्त आइस्क्रीम घेतलं.

शेवटी मी काय केलं ते ऐका आणि तसंच करा. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर सगळ्यात खाली दोन ओळी असतात, बाणाबाणांच्या, मशीनने वाचायच्या. त्यात आडनाव आधी आणि मग बाकी नाव येतं. तोच क्रम, सगळं कॅपिटलमध्ये, सिमला तेच, शाळेला तेच, बँकेला तेच, आणि प्रत्येक ठिकाणी समोरच्याने टाइप केल्यावर स्क्रीन फिरवून दाखवा म्हणायचं आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचायचं, मागे लाइन असली तरी. एका कागदावर तसं लिहून ठेवा आणि तो कागद पुढे करा, तोंडाने सांगू नका. आणि सिम, जमलं तर बँकसुद्धा, पासपोर्ट परमिटला जमा करायच्या आधी. झेड व्हिसावर (म्हणजे नोकरीच्या व्हिसावर) आल्यापासून ३० दिवसांत परमिटचा अर्ज करायचा असतो, म्हणजे तिसऱ्या दिवशीच पळत सुटायची गरज नसते, चार दिवस हातात असतात.

त्या दोन आठवड्यांत जगले कशी? अलीपेवर, म्हणजे इथल्या फोनवरून पैसे द्यायच्या ॲपवर. २०२३ पासून अलीपे आणि वीचॅटला (हे इथलं चॅटचं ॲप, त्यातूनही पैसे देता येतात) बाहेरच्या देशातलं व्हिसा, मास्टरकार्ड जोडता येतं आणि २०० युआनच्या आतल्या व्यवहाराला फी नाही, वर गेलं की ३ टक्के. मग काय, माझं सगळं आयुष्य २०० च्या आत. राइस कुकर १८९ चा घेतला, २१९ चा चांगला होता. सुपरमार्केटमध्ये भाजी आधी, बिल केलं, बाहेर गेले, परत आत येऊन तेल-तांदूळ, दुसरं बिल. तिसऱ्या दिवशी काउंटरवरच्या काकू मला बघून आपणहून मधे हात आडवा ठेवायला लागल्या, हे आत्ता, हे नंतर. इथे म्हातारे भाजीवाले पण क्यूआर लावून बसतात, कॅश नाकारायची नाही असा नियम आहे पण सुट्टे मिळतील याची खात्री नाही.

मेडिकल म्हणजे उपाशीपोटी रक्त, छातीचा एक्सरे, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी, डोळे, वजन. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, बाण काढलेलेत, तासाभरात बाहेर. यासाठी हेल्पर लागत नाही. 'सिटी ओरिएंटेशन' म्हणजे मेट्रोने थ्येनफू चौकात नेलं, माओंच्या पुतळ्यासमोर फोटो, मग छुनशी रोडवर शॉपिंग बघितली, मग पीपल्स पार्कमधल्या चहाच्या दुकानात बांबूच्या खुर्चीवर बसवलं, तिथे एक माणूस हातातला चिमटा टणटण वाजवत कान साफ करून देऊ का विचारत फिरत असतो. मजा आली, पण २ युआनपासून तिकीट असलेल्या मेट्रोने हे कोणीही एकटं करेल, अर्धा दिवस त्यात कशाला घालवायचा.

कंपनीने एक छापील पुस्तिका पण दिली, गुळगुळीत कागद, कव्हरवर पांडा (पांडा नसलेली वस्तू या गावात दाखवा). त्यात लिहिलंय, घरच्यांना वीचॅट डाउनलोड करायला सांगा म्हणजे बोलता येईल. आता हे अमेरिकन माणसाला ठीक. आपल्याकडे जून २०२० मध्ये जी ५९ ॲप बंद केली त्यात वीचॅट होतं, आणि इथे व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब उघडत नाही. म्हणजे आई तिकडून यायला तयार तर दरवाजा बंद, मी इकडून जायला तयार तर दरवाजा बंद. पहिला आठवडा भारतातल्या सिमच्या रोमिंगवर काढला, रोमिंगवर व्हॉट्सॲप चालतं कारण नेट आपल्या भारतातल्या सिमच्या कंपनीमार्फत येतं, पण एका आठवड्याचं बिल बघून बाबा म्हणाले तू पत्र लिही. आता भाचीच्या आयफोनवर फेसटाइम करतो, ते चालतं. भारत अडीच तास मागे, मी रात्री दहाला मोकळी होते तेव्हा आईकडे साडेसात, नेमकी सिरियलची वेळ. आणि अँड्रॉइडवाल्यांनो, प्ले स्टोअर इथे उघडत नाही, मी बँकॉकला चार तासांच्या थांब्यात सगळी ॲप टाकून घेतली होती म्हणून वाचले. पुस्तिकेत हे एकही नाही. बहुतेक दहा वर्षांपूर्वी कोणा इंग्रजासाठी लिहिली आणि तीच वाटतायत.

पॅकेजमध्ये दोन तास भाषेचे पण होते, आणि इथे मला फुकट लॉटरी लागली ती सांगते. पुस्तिकेत चिनी शब्द इंग्रजी अक्षरांत दिलेत आणि इंग्रज लोक तिथेच फसतात. आपण देवनागरीत लिहायचं! त्यांचं बी म्हणजे आपला प, त्यांचं पी म्हणजे फ, डी म्हणजे त, टी म्हणजे थ, जी म्हणजे क, के म्हणजे ख. चेंगदू हे खरं तर छंग-तू. मेट्रो ती-थ्ये. आणि 'परत भेटू' याला चाय-च्येन, त्यातला पहिला च 'चाक'मधला आणि दुसरा 'चार'मधला, हा फरक मराठी माणसाला शिकवायलाच लागत नाही. वहीत असं लिहून मी वाचलं तर पोरगी म्हणाली तू आधी शिकलीयेस, खोटं बोलतेस. सूर मात्र चुकतात, ते चुकतातच. वर चेंगदूचे लोक श आणि स एकच बोलतात, त्यामुळे चार आणि दहा ऐकायला सारखेच, भाजीवाल्याला चार युआनऐवजी दहा देत होते, त्यानेच परत केले. शिक्षकाला 'लाओ-शर' म्हणतात, आमचा गेटवरचा वॉचमन म्हणतो 'लाओस', मला पहिले दोन दिवस वाटलं त्याला मी लाओस देशातून आलेय असं कोणीतरी सांगितलंय, मी मान हलवून नाही नाही इंडिया म्हणत होते.

जेवण पॅकेजमध्ये एकदाच, पहिल्या संध्याकाळी, नूडल्सच्या टपरीत. पहिल्याच घासाला जीभ बधिर झाली, पोरीला वाटलं तिखटाने, म्हणाली सॉरी सॉरी. मी म्हटलं थांब, हे मला माहितीये. ताटातलं लालसर टरफल उचलून वास घेतला, तिरफळ! बांगड्याच्या आमटीत ठेचून टाकतो ते, म्हणजे अगदी तेच नाही, इथलं ह्वा-च्याओ वेगळं आहे, पण एकाच कुळातलं, चुलत भावंड. आपल्याकडे पाच-सहा दाणे टाकतो, इथे मूठभर. 'पू याओ ला' म्हणजे तिखट नको म्हटलं तर मिरची कमी करतात पण तिरफळ तसंच राहतं, त्यासाठी वेगळं 'पू याओ ह्वा-च्याओ' म्हणावं लागतं. मी म्हणत नाही. शाकाहारी लोकांनी मात्र सांभाळून, मापो टोफूत खिमा असतो, नावात टोफू बघून भुलू नका.

आता शेवटची तक्रार. परमिट मिळालं की पोलीस चौकीत परत नोंद करावी लागते, कारण पासपोर्टमधला व्हिसा बदलला. कंपनी म्हणाली पॅकेजमध्ये एकदाचीच आहे, दुसऱ्यांदाचे ४०० युआन. ४०० युआन! मी फोल्डर घेतलं, फोनवर ट्रान्सलेटर लावला आणि एकटी गेले. तोच थर्मासवाला पोलीस. मी 'नी हाओ' म्हणून पासपोर्ट, घराचा करार, मालकाच्या मालकीचा तो फोटो आणि जुना चुरगळलेला कागद ओळीने मांडले, त्याने बघितलं, टाइप केलं, मी न सांगता स्क्रीन माझ्याकडे फिरवली, मी नावावर बोट ठेवून वाचलं, ठीक. पंधरा मिनिटं, त्यातली पाच त्याच्या प्रिंटरची. जाताना फोन माझ्यासमोर धरला, त्यावर भाषांतर आलेलं की या वेळी कागद दुमडू नका.

घ्यावी का ही सर्व्हिस? आख्खं पॅकेज नको. एकेका दिवसाचा हेल्पर मिळतो का ते शाळेला विचारा, एक दिवस घर आणि चौकीसाठी, एक दिवस सिम आणि बँकेसाठी, दोन्ही पासपोर्ट हातात असताना. रात्रीचं विमान असेल तर पिकअप घ्या. कुटुंब, लहान मूल बरोबर असेल तर गोष्ट वेगळी, मग दहा दिवस कमीच पडतील.

पॅकेज संपल्यावर कंपनीचा फीडबॅक फॉर्म आला. पहिलाच रकाना, पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, आणि चौकोनात विसाव्या अक्षरानंतर टाइपच होईना. आडनाव आणि माझं नाव मावलं, वडील पुन्हा बाहेर राहिले. तीन स्टार दिले आणि पाठवून दिला.